तालुका कोर्टात कनिष्ठ लिपिक: कोणत्या टेबलावर काय काम, आणि कुठे चुकतं?

दुधनाकाठ
जिल्हा न्यायालयाच्या निवड यादीतल्या काही मुलांसाठी हा धागा काढतोय. पोस्टिंग जालना-परभणीकडच्या तालुका कोर्टांत होणार. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची टायपिंग, एस-६ ची वेतनश्रेणी, १९,९०० ते ६३,२००, हे सगळ्यांना पाठ आहे. ते नको. रुजू झाल्यावर समोर जी वही आणि जो गठ्ठा येतो त्याचं काय करायचं, ते जाणकारांनी लिहावं. दिवाणी मॅन्युअल (उच्च न्यायालयाचं नियमपुस्तक) वाचा एवढंच सांगू नका, ते वाचणारच आहेत.

निशाणी_पाच
दाखल टेबलापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक निकालापर्यंत सोबत चालते.

दावा हातात आला की आधी शेवटचं पान बघा. सत्यापन (मजकूर खरा असल्याचं निवेदन) आहे का, त्याखाली तारीख-ठिकाण आहे का, सोबत शपथपत्र आहे का. मग वकीलपत्र: पक्षकाराची सही, वकिलांची स्वीकृती, तिकिटं. दोन वादी असतील आणि एकाचीच सही असेल तर तिथेच लिहा. पक्षकारांचे नोंदणीकृत पत्ते. कागदपत्रांची यादी आणि यादीतल्या अनुक्रमाप्रमाणे कागद. जितके प्रतिवादी तितक्या दाव्याच्या प्रती, कारण समन्ससोबत प्रत गेली नाही तर ती बजावणी अपुरी ठरते.

मूल्यांकनाचा परिच्छेद वेगळा वाचा. शेतजमिनीच्या दाव्यात मूल्यांकन सातबाऱ्यावरच्या आकारावर बसतं, म्हणून चालू सातबारा हवा; दहा वर्षांपूर्वीचा जोडलेला असेल तर हरकत (त्रुटीची लेखी नोंद) काढा. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा दाव्यात एक, सातबाऱ्यात दुसरं असं सर्रास असतं. हे तिथेच पकडलं नाही तर हुकूमनामा (निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) काढताना तुमच्याच गळ्यात येतं.

कोर्ट फीचं तिकीट स्वीकारलं की लगेच छिद्र पाडून रद्द करायचं. छिद्र चित्रावर, रकमेचा आकडा शाबूत. ऑनलाइन भरलेली पावती असेल तर संकेतस्थळावर तपासून लॉक करायची. नुसती फाईलला टाचली तर तीच पावती दुसऱ्या दाव्यालाही लागू शकते.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. हरकत काढणं तुमचं काम, दावा फेटाळणं नाही. मुदतबाह्य वाटलं, अधिकारक्षेत्र नाही वाटलं, तर कार्यालयीन टिपण लिहून साहेबांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, ठेवायचं. काउंटरवरून तोंडी परत पाठवायचं नाही.

बालाघाटी
कॅव्हेट ऱ्हायलं की, म्हंजे ‘मला ऐकल्याबिगर हुकूम देऊ नका’ असा समोरच्यानं आधीच दिलेला अर्ज. मनाईचा अर्ज असंल तर कॅव्हेट रजिस्टर बघितल्याबिगर फाईल वर पाठवायची न्हाई. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ चं कॅव्हेट ९० दिवस टिकतं. कोनी ८५ व्या दिवशी दावा लावला अन् क्लार्कनं रजिस्टर उघडलंच न्हाई, तर समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त हुकूम होतो. मग बोलणी क्लार्कलाच. वर ‘कॅव्हेट नाही’ किंवा ‘कॅव्हेट आहे, नोंद क्र. अमुक’ असा शेरा सही करून द्यायचा.

निशाणी_पाच
बरोबर. नवीन मुलांसाठी: निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाचा क्रमांक; दावा निशाणी १, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी ५. महाराष्ट्रात हे इतकं रूढ आहे की वकील नुसतं ‘पाचवर युक्तिवाद’ म्हणतात. म्हणून त्याच्या आधीचे क्रमांक दुसऱ्या कुठल्या कागदाला वापरून पाचची जागा बिघडवू नका.

मांजरा_तीर
सीएनआर क्रमांकाबद्दल (प्रकरणाचा संगणकीय ओळख क्रमांक) कोणी सांगेल का? आणि फायलिंग नंबर वेगळा, नोंदणी क्रमांक वेगळा, असं का?

निशाणी_पाच
सीआयएसमध्ये (कोर्टाच्या संगणक प्रणालीत) दाखल केल्याबरोबर फायलिंग नंबर पडतो. हरकती निघाल्या, तपासणी झाली, साहेबांनी नोंदवा म्हटलं की नोंदणी क्रमांक, म्हणजे ज्याला आपण नियमित दिवाणी दावा क्रमांक अमुक म्हणतो. सीएनआर सोळा अक्षरांचा: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, आस्थापनेचे दोन अंक, मग सहा अंकी क्रमांक आणि चार अंकी वर्ष. छत्रपती संभाजीनगरचा अजूनही ‘एमएचएयू’ ने सुरू होतो. प्रकरण वर्ग झालं तरी पक्षकाराला सांगायचा तो सीएनआर, कारण दावा क्रमांक बदलू शकतो. नोंद करताना पक्षकाराचं नाव सातबाऱ्यासारखं पूर्ण टाका. ‘राम वि. श्याम व इतर’ एवढंच टाकून बाकीचे प्रतिवादी सोडले तर पुढे त्यांच्या नावाचं समन्सच निघत नाही.

जुना_शिरस्ता
आता रोजनामा, म्हणजे प्रकरणात त्या दिवशी काय झालं याची नोंद. बाकी सगळी टेबलं एका बाजूला आणि रोजनामा एका बाजूला, असं माझं मत आहे. अपिलात वरचं न्यायालय निकालपत्रानंतर काही उघडत असेल तर रोजनामा.

रोजनामा त्याच दिवशी लिहायचा. उद्या लिहू म्हणून बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीवर) टिंब मारून ठेवणारे असतात, आणि चाळीस-पन्नास प्रकरणांचा बोर्ड असेल तर दुसऱ्या दिवशी कोण हजर होतं ते कोणालाच सांगता येत नाही. लिहायचं ते असं: पुकारा झाला, वादी स्वतः हजर की वकिलांमार्फत, प्रतिवादी कोण हजर कोण गैरहजर, काय दाखल झालं आणि कितव्या निशाणीला, त्यावर काय आदेश, पुढची तारीख, टप्पा. पुकारा होण्याआधी कोणालाही ‘गैरहजर’ लिहू नका. सकाळी पहिल्या पुकाऱ्याला नसलेला पक्षकार दुपारी हजर होतो, आणि रोजनाम्यात गैरहजेरी पडलेली असते.

तहकुबी दिली तर कोणी मागितली आणि कशासाठी, हे लिहिणं महत्त्वाचं. नुसतं ‘तहकूब’ लिहिलं तर उद्या खर्च कोणावर बसवायचा हे ठरत नाही. खर्चाच्या अटीवर तहकुबी असेल तर पुढच्या तारखेला तो भरला की नाही याची ओळ हवीच. अर्जावरचा आदेश साहेब अर्जावरच लिहितात; रोजनाम्यात त्याचा सारांश तंतोतंत यावा. अर्जावर ‘म्हणणे मागवा’ आणि रोजनाम्यात ‘मंजूर’ असं झालेलं असतं. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला साहेबांची लघुस्वाक्षरी.

निशाणी क्रमांक सलग. पुरसीस (पक्षकाराचं छोटं लेखी निवेदन) दाखल झाली तरी तिलाही क्रमांक. दोन कागदांना एकच क्रमांक पडला असं सापडलं तर स्वतःहून ‘अ’ लावायचा नाही, टिपण ठेवून आदेश घ्यायचा. शाबीत झालेल्या दस्ताला निशाणी साहेबांच्या आदेशाने पडते. साक्षीदाराने दस्त हातात घेतला म्हणून तुम्ही पेन्सिलीने क्रमांक टाकून मोकळे होऊ नका.

मग सीआयएस. रोजनाम्यात १४ तारीख आणि संगणकात २४ गेली की वकिलांना एसएमएस २४ चा जातो. १४ ला पुकारा होतो, कोणी नाही, दावा अनुपस्थितीत काढून टाकला जातो. मग फेरदाखल करण्याचा अर्ज, त्याला ३० दिवसांची मुदत, त्यात पुन्हा हरकती. सगळा खेळ एका आकड्यामुळे. संध्याकाळी उठण्याआधी दुसऱ्या दिवसाची कॉज लिस्ट (सुनावणीची यादी) आणि आजचे रोजनामे शेजारी ठेवून जुळवणे हा वीस मिनिटांचा उद्योग आहे, तो सोडायचा नाही. साहेब रजेवर असतील त्या दिवशीचा बोर्ड सर्वात धोक्याचा. प्रभारी साहेबांकडून तारखा पडतात, काही प्रकरणं संगणकात तारखेविना राहतात, आणि ती थेट नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या कोर्ट प्रकरणांच्या संकेतस्थळावर, दिसतात.

दुधनाकाठ
कैफियतीच्या (प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या) मुदतीची नोंद कोण ठेवतं?

जुना_शिरस्ता
बेंच क्लार्कच, म्हणजे कोर्टात साहेबांसमोर बसणारा. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने वाढवली तर ९० पर्यंत. मोजणी बजावणीच्या तारखेपासून, प्रतिवादी पहिल्यांदा हजर झाला त्या तारखेपासून नव्हे. म्हणून बेलीफच्या (समन्स बजावणाऱ्याच्या) अहवालावरची तारीख लाल शाईने फाईलच्या आतल्या पानावर घ्या. प्रतिवादी चार असतील तर चार वेगळ्या तारखा. मुदत संपली की काय करायचं ते साहेब ठरवतील, पण मुदत संपली हे त्यांच्यासमोर तुम्ही ठेवायला हवं.

बालाघाटी
बेलीफचा विषय निघालाच हाय तर बीड-धाराशिवकडचं सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप हंगाम लागला की अर्धी तांडा-वस्ती ऊसतोडीला. समन्स परत येतं: ‘इसम ऊसतोडीला गेला, घर बंद.’ एवढ्यावर काहीच होत न्हाई. अहवालात हवं ते हे: किती तारखेला, किती वाजता गेला, कोनी सांगितलं त्याचं नाव, कोणत्या कारखान्याला गेल्याचं कळलं, कधी येनार. घरात सोबत राहणारा सज्ञान माणूस, बाई असो की बाप्या, असंल तर त्याच्यावर बजावता येतं. सालगड्यावर न्हाई, नोकर कुटुंबात मोडत न्हाई. दाराला डकवलं तर साक्षीदारांची नावं-सह्या अन् बेलीफचं शपथपत्र. ते नसंल तर साहेबांना बेलीफला तपासावं लागतं, म्हंजे तारीख गेलीच.

अजून एक. अशा प्रकरणात पुढची तारीख मागताना टिपणात ‘इसम हंगामी स्थलांतरित’ लिहा. जानेवारीत समन्स पुन्हा काढून काय उपयोग? तेच कोरं परत येनार. एक तर कारखान्याच्या पत्त्यावर त्या जिल्ह्याच्या कोर्टामार्फत पाठवायचं, न्हाई तर एप्रिलनंतरची तारीख सुचवायची.

तेरणा
नाझर शाखेत (कोर्टाचे पैसे आणि बजावणी बघणारी) प्रोसेस फी, म्हणजे समन्स बजावणीची फी, जमा झाल्याशिवाय समन्स काढू नका आणि जमा झाल्यावर एक दिवसही थांबवू नका. बेलीफच्या वहीत दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, निकाल, तिन्ही रकाने भरलेले हवेत. तपासणीत पहिल्यांदा तीच वही मागतात.

मांजरा_तीर
नक्कल विभागाबद्दल लिहा ना. तिथं सगळ्यात जास्त भांडणं होतात.

तेरणा
भांडणं होतात कारण नकलेच्या मागच्या शिक्क्यातल्या तारखांवर अपिलाची मुदत मोजली जाते. शिक्क्यात अर्जाची तारीख, फी भरल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची, अशा तारखा असतात. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नकलेसाठी ‘लागलेला’ काळ वजा होतो. तयार झाल्यावर अर्जदाराने न्यायला लावलेला उशीर त्यात धरत नाहीत.

हिशोब करून दाखवतो. निकाल ३ जूनला. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, म्हणजे ३ जुलै. नकलेचा अर्ज १० जूनला, नक्कल तयार २४ जूनला, नेली १ जुलैला. वजा होतात १० ते २४ जून, दोन्ही धरून १५ दिवस. शेवटचा दिवस १८ जुलै. तुम्ही ‘तयार’च्या रकान्यात चुकून १ जुलै टाकली तर २२ दिवस वजा होतील आणि शेवटचा दिवस २५ जुलै निघेल. अपील २२ जुलैला दाखल झालं तर समोरचा वकील तुमची वहीच मागवणार. आणि उलट, नक्कल तयार नसताना ‘तयार’ची तारीख आधीची टाकली तर पक्षकाराचं नुकसान. दोन्ही वाईट. फी कमी पडली म्हणून अर्ज थांबला असेल तर कमी फी कळवल्याची आणि भरल्याची तारीख स्वतंत्र लिहा.

अजून एक खाच: हुकूमनामाच तयार नसेल आणि नकलेचा अर्जही आला नसेल, तर त्या काळाची वजावट मिळत नाही. म्हणून पक्षकाराला ‘अजून हुकूमनामा झाला नाही, नंतर अर्ज द्या’ असं सांगून परत पाठवणे म्हणजे त्याचा खड्डा खणणे. अर्ज घ्या, तारीख टाका, मग सांगा.

निशाणी_पाच
हुकूमनामा निकालापासून १५ दिवसांत काढायचा असतो. वाटपाच्या दाव्यांत, आणि आपल्याकडे दिवाणी फाईली म्हणजे निम्म्या वाटपाच्याच, प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से अपूर्णांकात आणि प्रत्येक गट नंबर क्षेत्रासह यायला हवा. शेतसारा भरणारी जमीन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वाटपासाठी जाते. तिथून ती तहसीलला आणि मोजणीला. एखादा गट सुटला, ‘हे. आर.’ (हेक्टर-आर) च्या जागी ‘एकर गुंठे’ पडले, की कागद तसाच परत. मग त्याच संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा सगळ्यांना नोटिसा. खर्चाचा तक्ता जोडायला विसरू नका; कोर्ट फी, प्रोसेस फी, वकील फी, साक्षीदार भत्ता, दोन्ही बाजूंचे रकाने.

तेरणा
भूसंपादन संदर्भांचे (वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे आलेल्या प्रकरणांचे) हुकूमनामे अजून वेगळे. जायकवाडी, माजलगाव, लोअर दुधना, पाझर तलाव, या सगळ्यांच्या जुन्या, १८९४ च्या कायद्याखालच्या कलम १८ च्या फाईली आणि त्यांच्या दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) अजून चालू आहेत. समजा वाढीव बाजारमूल्य १,००,००० ठरलं. सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई) ३० टक्के, ३०,०००. कलम २३(१-अ) चे १२ टक्के फक्त बाजारमूल्यावर, कलम ४ च्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी तिथपर्यंत. दीड वर्ष असेल तर १८,०००. सोलेशियमवर हे १२ टक्के लावायचे नाहीत. एकूण १,४८,०००. कलम २८ चं व्याज या एकूण रकमेवर, पहिल्या वर्षी ९ टक्के म्हणजे १३,३२०, पुढे दरसाल १५ टक्के म्हणजे २२,२००. सोलेशियमवर व्याज मिळतं की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सुंदर खटल्यात मिटवला आहे, मिळतं. पण तारखा आणि घटक निकालपत्राच्या शेवटच्या आदेशात जसे आहेत तसेच घ्यायचे, आपल्या मनाने नाही.

रक्कम वाटताना निवाड्यातलं नाव, आधार, पासबुक तिन्ही जुळवा. मूळ खातेदार वारलेला असतो, दरखास्तीत वारस रेकॉर्डवर आणलेले नसतात आणि मुलगा पासबुक घेऊन उभा राहतो. वारस रेकॉर्डवर आल्याशिवाय पेमेंटचं टिपण वर पाठवू नका. एका गटात चार भाऊ असतील तर प्रत्येकाच्या खात्यात स्वतंत्र.

खासरा_५४
मराठवाड्यापुरती भर घालतो. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले किंवा तिकडचे नमुने वापरणारे एक चूक हमखास करतात. कुळाचा मुद्दा निघाला की पत्रात ‘कलम ८५-अ’ टाकतात. ते मुंबई कुळकायद्याचं. आपल्या आठ जिल्ह्यांत हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. मुद्दा तहसीलकडे पाठवायचं कलम ९९-अ. चुकीच्या कलमाचं पत्र परत येतं आणि तोवर दावा तसाच पडून.

दुसरं, जुने दस्त. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, इनाम-मदतमाशचे (निर्वाहासाठी दिलेल्या जमिनींचे) कागद, निजामकाळातल्या नकला, अनेकदा उर्दूत. दस्तयादीत ‘उर्दू कागद १’ असं लिहू नका. कागदाचं स्वरूप, गाव, सर्व्हे नंबर, त्यावरची तारीख जशी आहे तशी, पानं किती, मूळ की नक्कल. सोबत भाषांतर असेल तर ते कोणी केलं. तारीख फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतली, असते. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यापासून लागतं. इसवी सन काढायला आजूर, दै, बहमन या महिन्यांना ५९० मिळवा, इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. आबान १३५७ म्हणजे सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शनचा महिना. यावरून ताळा करता येतो. यादीत मात्र फसली तारीखच ठेवा, इंग्रजी तारीख भाषांतरकाराने द्यायची. हे कागद ठिसूळ असतात, त्यांना स्टेपलर मारू नका, लिफाफ्यात ठेवून लिफाफ्यावर नोंद करा.

मांजरा_तीर
फौजदारी टेबलाचं कोणी लिहिलंच नाही.

जुना_शिरस्ता
१ जुलै २०२४ ला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून तिथं छापील नमुन्यांनी घोळ घातलाय. जुन्या-नव्या कलमांची पट्टी टेबलाच्या काचेखाली ठेवा: २०७ चं २३०, ३१३ चं ३५१, ३१७ चं ३५५, १२५ चं १४४, १५६(३) चं १७५(३), २०० चं २२३, ४३७ चं ४८०, ४३९ चं ४८३. सगळ्यात फसवं ४८२. जुन्या संहितेत ते उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्यात तेच कलम अटकपूर्व जामिनाचं, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ ला. म्हणून अर्जाच्या मथळ्यात कायद्याचं नाव पूर्ण नसेल तर हरकत काढाच. नोंदणीही चुकीच्या प्रकारात जाते. खासगी तक्रारीत आता आणखी एक पायरी आहे: २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी. त्यामुळे ‘दखलपूर्व नोटीस’ आणि ‘समन्स’ हे दोन वेगळे कागद. जुना समन्सचा नमुना नोटीस म्हणून पाठवू नका.

रिहाई आदेश, म्हणजे कारागृहाला सुटकेचा आदेश. आरोपीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमं, हे सगळं रिमांड वॉरंटशी अक्षरशः जुळलं पाहिजे. वॉरंटमध्ये ‘शेख’ पुढे आणि रिहाई आदेशात मागे, एवढ्यावरून कारागृह आदेश परत पाठवतं आणि माणूस एक रात्र जास्त आत राहतो. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ईमेल करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. पाठवल्याची नोंद फाईलला ठेवा. जामीनदाराच्या कागदांत सातबाऱ्यावरचा बोजा वाचा, नुसतं क्षेत्र नाही. आणि तोच माणूस दुसऱ्या किती प्रकरणांत जामीनदार आहे ते जामीनदार नोंदवहीत बघा.

मुद्देमाल कारकुनाला नव्या संहितेचं ४९७ माहीत हवं: वस्तू हजर झाल्यापासून १४ दिवसांत वर्णनाचं विवरण, फोटो किंवा चित्रीकरण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. वाळूचे ट्रॅक्टर आवारात गंजत पडतात ते अर्ज नसतो म्हणून नाही, विवरणच झालेलं नसतं म्हणून.

दुधनाकाठ
शेवटचं विचारतो. रुजू होताना चार्ज घ्यायचा असतो म्हणतात. जुना क्लार्क बदलून गेलेला, कपाटाची किल्ली तेवढी ठेवलेली. तेव्हा काय करायचं?

तेरणा
किल्ली घेऊन सही करू नका. सहायक अधीक्षकांना लेखी द्या की चार्ज यादीशिवाय मिळाला, आणि मोजणीसाठी एक माणूस मागा. सीआयएसमधून त्या टेबलाच्या प्रलंबित प्रकरणांची यादी छापा आणि प्रत्यक्ष फाईली तिच्याशी एकेक टिचकी मारून जुळवा. तीन रकाने होतील: यादीत आहे फाईल आहे, यादीत आहे फाईल नाही, फाईल आहे यादीत नाही. तिसऱ्या रकान्यात बहुतेक निकाली निघालेली, पण रेकॉर्ड रूमला न गेलेली प्रकरणं सापडतात. ती अ-ब-क-ड अशी लावून, पानांना क्रमांक घालून पाठवावी लागतात. अ फाईल कायम राहते आणि ड सर्वात आधी नष्ट होते, म्हणून निकालपत्र आणि हुकूमनामा चुकून ड मध्ये गेला नाही ना ते स्वतः बघा. दुसरा रकाना सर्वात आधी कळवा: नक्कल विभाग, वरचं न्यायालय, साहेबांचं चेंबर, लघुलेखक, या क्रमाने शोध घेतल्याचं टिपणात लिहून. शिक्के, कोर्ट फीचं पंच, अर्धवट पावती पुस्तकं, शेवटच्या वापरलेल्या पावतीचा क्रमांक, ही वेगळी यादी. दोन्ही यादींवर तारीख, तुमची आणि मोजणीच्या माणसाची सही, एक प्रत आपल्याकडे.

बालाघाटी
अन् कपाटाच्या खालच्या खणात एखादं रजिस्टर कोरं असंल तर त्यावर ‘कोरे’ म्हणून शेरा मारून घ्या. न्हाई तर तपासणीत विचारतात, ह्याच्या नोंदी कुठं गेल्या.